गोरोबाकाकांचे थापटणे

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी श्रीक्षेत्र तेर आहे. गाव फार जुने. दोन हजार वर्षांमागे याला तगर म्हणत आणि इथला माल समुद्रापार रोमच्या व्यापाऱ्यांपर्यंत जाई. मातीतून निघालेल्या त्या काळच्या वस्तू तेरच्या वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. पण वारकऱ्याचे पाऊल तेरकडे वळते ते या वैभवासाठी नव्हे, एका कुंभाराच्या समाधीसाठी. वयाने आणि अधिकाराने वडील, म्हणून सारी संतमंडळी त्यांना काका म्हणत. तेच आपले गोरोबाकाका.

परंपरेने काकांचा जन्म शके ११८९, म्हणजे इ. स. १२६७ चा धरतात. घरचा धंदा कुंभाराचा. माती आणायची, भिजवायची, तुडवायची, चाकावर चढवायची, थापटायची, सुकवायची आणि आव्यात भाजायची. मुखी मात्र अखंड विठ्ठल. संतीबाईंशी संसार सुरू होता, अंगणात मूल रांगत होते.

एके दिवशी काका चिखल तुडवीत होते. डोळे मिटलेले, देहभान हरपलेले. मूल रांगत आले आणि पायांखाली सापडले. काकांना कळलेसुद्धा नाही! आईने आकांत केला. तिने विठ्ठलाला बोल लावला, तेव्हा काका रागाने तिच्या अंगावर धावले. तिने विठोबाची आण घातली, मला शिवू नका म्हणून. काकांनी ती आण पाळली. पुढे घरच्यांनी संतीबाईंच्या बहिणीशी, रामीबाईंशी, त्यांचे लग्न लावून दिले. सासऱ्याने सांगितले, दोघींना सारखेच वागवा. काकांनी शब्द धरला आणि दोघींनाही अंतर दिले. एका रात्री झोपेत त्यांचे हात दोघींच्या अंगावर ठेवले गेले. जागे होताच काकांना आण मोडल्याचे कळले आणि त्यांनी आपले हातच तोडून टाकले. पुढे पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात टाळी वाजविण्याची वेळ आली, तेव्हा पांडुरंगाने हात दिले आणि मूलही आईच्या पदरात आले, असे संतचरित्र सांगते.

आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकत आलो. चमत्कारापाशी डोळे भरून येतात अन् कथा तिथेच संपते. पण सज्जनहो, थोडे अलीकडे थांबू या. हात काकांनी ठेवले नव्हते, ठेवले गेले होते. दुसऱ्याकडे बोट दाखवायला भरपूर जागा होती. काकांनी मात्र चूक दुसऱ्याच्या पदरात टाकली नाही. त्यांनी आपल्याच हातांकडे पाहिले. त्यांच्यासारखे हात तोडण्याची आपली योग्यता नाही आणि तशी गरजही नाही. पण आपल्या हातांकडे पाहायला काय हरकत आहे?

असा स्वतः आव्यातून भाजून निघालेला माणूस, म्हणूनच संतांनी पारख त्याच्या हाती दिली. ज्ञानेश्वर माउली, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी मंडळी जमली होती. मुक्ताबाईने थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. यातली कोणती मडकी कच्ची ते सांगा, असे काकांना विनविले. काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. सारे मुकाट बसले. नामदेवराय तेवढे चिडले. देव ज्यांच्याशी बोलतो, त्यांना हा अपमान कसा सोसावा? काकांनी निर्णय दिला: हे मडके कच्चे.

थापटण्याची गंमत पाहा. मडके ओले असते तेव्हा त्यानेच त्याला आकार द्यायचा. ज्याने घडवायचे त्यानेच पारखायचे. काकांचा तो टोला नामदेवरायांना मोडण्यासाठी नव्हता, घडविण्यासाठी होता. रडत रडत ते पांडुरंगाकडे गेले. देवानेही त्यांना पाठीशी घातले नाही, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. तिथे गुरु भेटला आणि मी देवाचा लाडका, हा अभिमान गळाला.

मग ते मडके असे भाजून निघाले की नामदेवराय थेट पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आणि शेवटी? ज्या मस्तकावर एक टोला सोसवला नाही, तेच मस्तक त्यांनी पंढरीच्या महाद्वारात पायरी करून ठेवले. वारकऱ्यांचे पाय त्यावर पडावेत म्हणून!

काकांनी शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला तेर येथे देह ठेवला. त्या तिथीला तिथे उत्सव भरतो.

आम्ही वर्षानुवर्षे वारी करतो. गळ्यात तुळशीची माळ आहे, कपाळी बुक्का आहे. म्हणून काय झालं? घरात कोणी उणा शब्द बोलला, दिंडीत मागे उभे केले, पंगतीत वाढायला विसरले, की आमचे मडके बद्द वाजते. दोष वाढणाऱ्याचा, आम्ही तर पक्के! काका आज थापटणे घेऊन येणार नाहीत. पण असे टोले रोज बसतात. ते बसले की समोरच्याकडे न पाहता आपलाच आवाज ऐकावा. कच्चे असल्याची लाज नाही, नामदेवरायही कच्चेच ठरले होते. आव्यात जायची तयारी तेवढी हवी.

पुढच्या वारीला नामदेव पायरीपाशी पोहोचलात, की क्षणभर थांबा. रामकृष्णहरि.