विखेर्न आणि आगमनकाळाच्या ज्योती

योहान हिन्रिख विखेर्न यांचा जन्म जर्मनीतील हांबुर्ग शहरी १८०८ साली झाला. ते पंधरा वर्षांचे असताना वडील वारले व घरच्या पोषणाचा भार त्यांच्यावर पडला. दारिद्र्य स्वतः भोगल्यामुळे त्यांचे अंतःकरण निराश्रित मुलांसाठी कळवळे. १८३३ साली शहराबाहेर त्यांनी अशा मुलांकरिता राउहेस हाउस नामक आश्रम उघडला.

नाताळ कधी येणार, असे मुले वारंवार विचारीत. तेव्हा १८३९ साली विखेर्न यांनी एका लाकडी चक्रावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान तांबड्या. आगमनकाळात नित्य प्रार्थनेच्या वेळी एकेक ज्योत अधिक लागे व नाताळापर्यंत सारे चक्र उजळे. १८८१ साली ते प्रभूमध्ये निजले.

प्रिय बंधुभगिनींनो, शेतातून थकून आल्यावर प्रार्थना उद्यावर ढकलण्याचा मोह आम्हांसही होतो. मग सणाला नवी वस्त्रे असतात, परंतु अंतःकरण अंधारात असते. आमच्या घरी चक्र नसेल, कंदील तर आहे. तो लावताच सहकुटुंब क्षणभर प्रभूपाशी बसू या. त्याचा सहवास एका रात्रीत साधत नाही. तो दिवसेंदिवस वाढतो.