हवेचे न्याय्य वाटप

इमारतीत हवा पुरेशी आहे काय, एवढ्यावर न थांबता ती कोणाच्या वाट्याला किती येते, हा प्रश्न ज्यांनी आग्रहाने पुढे आणला, त्यांत एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. डेव्हिड बॉस्वेल रीड अग्रभागी होते. १८०५ मध्ये जन्मलेल्या रीड यांना कीर्ती लाभली ती १८३४ च्या आगीत ब्रिटिश पार्लमेंट भस्मसात झाल्यानंतर. १८३६ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या तात्पुरत्या सभागृहात त्यांनी जमिनीतील असंख्य बारीक छिद्रांतून ताजी हवा आत घेतली आणि धुराड्यातील अग्नीच्या ओढीने दूषित हवा छताकडून बाहेर काढली.

नव्या पार्लमेंट भवनात मात्र वास्तुशिल्पी चार्ल्स बॅरी यांच्याशी त्यांचे बिनसले. एकाच इमारतीत दोघांच्या दोन योजना आल्या, सभासदांच्या तक्रारी वाढल्या आणि १८५२ मध्ये रीड यांना जावे लागले.

१८५४ मध्ये खुल्या झालेल्या लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये त्यांची योजना फळास आली. तेथे पंखे वाफेच्या यंत्रावर चालत. पण कोणत्या दालनात किती हवा सोडावयाची, हे सेवक कापडी झडपा हाताने उघडून-मिटून साधीत.

रीड १८६३ मध्ये अमेरिकेत निवर्तले. आजच्या वातानुकूलित कचेऱ्यांतही एका टेबलाशी गारठा आणि दुसऱ्याशी घुसमट आढळते. अधिक मोठे यंत्र बसविल्याने हा अन्याय मिटत नाही. प्रत्येक वाहिनीतील हवा मोजून झडप लावावी लागते. एकूण पुरवठा वाढला की वाटप आपोआप सुधारते, हा भ्रम हवेच्या बाबतीतही अर्थकारणाइतकाच महाग पडतो.