अंगणात गेलेली शाळा

माझ्या बारा वर्षांच्या शालेय शिक्षणात आई शाळेत एकदाही आली नाही. पालकसभेची चिठ्ठी यायची, तिच्यावर आईचा अंगठा उठायचा आणि ती परत दप्तरात जायची. शाळा ही शिकलेल्यांची जागा, तिथे आपण काय बोलणार, असे तिला वाटे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणूनच की काय, ताराबाई मोडकांचे चरित्र हाती आले ते मी दोन रात्रींत संपवले.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या, त्या काळी बी.ए. झालेली बाई! पुढे राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची मानाची नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षणपत्रिकेतून दोघांनी शिक्षकांइतकेच आईबापांसाठीही लिहिले. मुलाला मारू नये हे गुरुजींना पटून भागत नाही, घरी बापालाही पटावे लागते.

मला मात्र खरे चरित्र पुढेच सुरू होते असे वाटते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. एक शहरातली पदवीधर, दुसरी बालपणीच वैधव्य आलेली, वयाने अठरा वर्षांनी लहान. पण काम दोघींचे एक. बालवाडी उघडली, तर गरीब वस्तीतली मुले येईनात. आईबाप मजुरीला, मोठ्या मुलांच्या कडेवर धाकटी भावंडे. तेव्हा मुलांना दोष न देता ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आंघोळ, वेणीफणी, गाणी सारे तिथेच. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया. आपल्या मुलाला काय शिकवतात ते आयांना दारातून दिसू लागले.

१९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी. बाळ पाळणाघरात ठेवून ताईला वर्गात बसता येई. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही होती. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. माझी थोरली बहीण चौथीतच घरी राहिली होती, ती मला सांभाळायला.

ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले. सरकारी अंगणवाडी योजना १९७५ ची. आमच्या गावच्या अंगणवाडीला आता पक्की इमारत आहे, कुंपण आहे. आई रोज नातीला सोडायला जाते आणि फाटकाबाहेरच उभी राहते.