कापूस वेचणारी वैमानिक बेसी कोलमन

मी इयत्ता चौथीत आहे. आमच्या शेतात पऱ्हाटी आहे. दिवाळीनंतर वेचणी लागली की आमच्या वर्गात निम्मीच पोरं दिसतात. मीही मायबरोबर ओटी बांधून जाते. बोंडाची टोकं बोटाला लई टोचतात. एक दिवस गुरुजींनी आम्हाला बेसी कोलमनची माहिती सांगितली. ती मी येथे लिहीत आहे.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. तिच्या आईवडिलांना तेरा मुले झाली. बेसी दहावी. घरची फार गरिबी होती. शाळा चार मैल दूर होती. ती रोज पायी जाई. कापसाचे दिवस आले की शाळा बंद आणि सगळं घर शेतात. पण बेसीचे गणित चांगले होते. वेचलेल्या कापसाचा हिशोब तीच ठेवी.

१९१५ साली ती शिकागो शहरात गेली. तेथे केस कापण्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांची नखे नीट करून देई. तिचे भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले होते. तिकडे बायका विमान चालवतात असे तिला कळले. मग तिनेही ठरवले. पण अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेने तिला घेतले नाही. एक तर ती बाई, त्यात काळ्या वर्णाची. रॉबर्ट ॲबट नावाच्या संपादकांनी तिला फ्रान्सला जायला सांगितले. ती फ्रेंच भाषा शिकली, पैसे साठवले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीने निघाली.

तिथले विमान लाकडाचे नि कापडाचे होते. पंख एकावर एक दोन. दांडा मागे ओढला की विमानाचे नाक वर, पुढे ढकलला की खाली. शिकणारा एक जण तिच्यादेखत पडून मेला. तरी ती परत फिरली नाही. १५ जून १९२१ रोजी तिला परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली काळी अमेरिकन स्त्री होय.

मायदेशी ती विमानाच्या कसरती दाखवू लागली. १९२३ साली विमान पडून तिचा पाय मोडला. बरी झाल्यावर ती पुन्हा उडाली. काळ्या लोकांना आत घेत नसतील तर ती खेळच करीत नसे.

३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे तिचा मेकॅनिक विमान चालवत होता. खालची जागा वाकून बघता यावी म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. यंत्रात पान्हा अडकला, विमान उलटले आणि ती खाली पडली. दोघेही वारले. ती फक्त ३४ वर्षांची होती. विमानशाळा काढायची तिची इच्छा राहून गेली. पण १९२९ साली विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावाने वैमानिकांचा क्लब काढला. १९९२ साली मे जेमिसन अंतराळात गेल्या, तेव्हा त्यांनी बेसीचा फोटो सोबत नेला.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. माझ्या ताईची शाळा वेचणीत बुडत गेली आणि मग सुटलीच. माझ्या पाचवीचे विचारले की बाबा बघू म्हणतात. मी हिशोब केला. चार मैल म्हणजे जवळजवळ साडेसहा किलोमीटर. आमची पाचवीची शाळा तर तीनच किलोमीटर आहे. बाबा, पालकसभेला आलात की हे नक्की वाचा. मी चालत जाईन.