मैहरचे बँडमास्तर : बाबा अल्लाउद्दीन खाँ

रायपुरातील मराठी कुटुंबांना मैहर हे नाव नवे नाही. चौबे कॉलनीतील अनेक घरांतून कोणी ना कोणी शारदामातेच्या दर्शनास जाऊन आलेले असते. रात्री सारनाथ एक्स्प्रेसमध्ये बसावे, बिलासपूर, शहडोल, कटनी मागे टाकावे आणि सकाळी मैहरच्या फलाटावर उतरावे, हा क्रम घराघरांतून ठाऊक आहे. हजारावर पायऱ्या चढून, किंवा गुडघे कुरकुरत असतील तर रोपवेने जाऊन, मातेचे दर्शन घ्यावे आणि प्रसाद घेऊन परतीची गाडी धरावी. त्याच गावात ‘मदिना भवन’ नावाचे एक घर आहे. त्या घराकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात.

हे घर उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे. अवघे मैहर त्यांना ‘बाबा’ म्हणत असे. स्मरणिकेसाठी चरित्र लिहावयाचे म्हटल्यावर एखाद्या महाराष्ट्रीय थोर पुरुषाची निवड व्हावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आम्ही बुद्ध्याच एका बंगाली गृहस्थांची निवड केली आहे. आपला प्रांत सोडून शेकडो मैलांवरच्या परक्या गावी यावे, तेथील मुलांना आपली मानावे आणि देहही तेथेच ठेवावा, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या सभासदांस समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

बाबांचा जन्म पूर्व बंगालातील ब्राह्मणबाडियाजवळच्या शिवपूर गावचा. हा भाग आज बांगलादेशात आहे. जन्मवर्षाविषयी दोन मते आहेत. घरची मंडळी 1862 हे वर्ष धरीत, तर अभ्यासकांचा कल 1881 च्या आसपास आहे. वडील सतार वाजवीत, थोरले बंधू आफताबुद्दीन बासरीत व तालवाद्यांत निपुण. ह्या मुलाचे मन मात्र शाळेत लागेना. दहा वर्षांचे वयही झाले नसेल-नसेल तोच त्यांनी घर सोडले, गावोगाव फिरणाऱ्या जात्रेच्या कंपनीत शिरले आणि यथावकाश कलकत्त्यास पोहोचले. तेथे नुलो गोपाल नावाच्या कडक शिस्तीच्या गवयाने त्यांना पदरी घेतले. बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावयाची, अशी अट होती. सात वर्षे ती पाळली गेली आणि मग प्लेगच्या साथीत गुरूच निवर्तले. साथीने आधार हिरावून घेणे म्हणजे काय, हे बाबांना तरुणपणीच कळले होते. पुढे मैहरात जे घडले त्याची एक मुळी आम्हांस येथे दिसते.

गुरू गेल्यावर त्यांनी गाणे सोडले आणि वाद्यांकडे मोर्चा वळविला. स्वामी विवेकानंदांच्या नात्यातील अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त कलकत्त्याच्या रंगभूमीसाठी वाद्यवृंद चालवीत. त्यांच्याकडे बाबा अनेक वाद्ये शिकले. सनई ते हजारी उस्तादांकडे शिकले. आणि पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन? ते त्यांना शिकविले लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तरांनी! त्या काळी हिंदुस्थानात जेथे जेथे गोरा साहेब होता, तेथे तेथे बँड होता आणि बँड तेथे बहुधा एखादा गोवेकर होताच. मैहरच्या बँडच्या पायात गोव्याचाही एक चिरा आहे, हे आपण मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे मुक्तागाछाच्या जमीनदारांकडे अहमद अली खाँ यांचा सरोद त्यांच्या कानी पडला आणि आजवर शिकलेले सारे त्यांना फिके वाटू लागले. अहमद अलींची चाकरी करीत ते रामपूरपर्यंत गेले. तेथे तानसेनाच्या वंशातील बीनकार वजीर खाँ नबाब हामिद अली खाँ यांच्या पदरी होते. वजीर खाँच्या दारात शिरकाव होईना, तेव्हा तरुण अल्लाउद्दीनने नबाबांच्या गाडीसमोर स्वतःला झोकून दिले, अशी कथा सांगतात. नबाबांच्या शब्दाने गंडा बांधला गेला. शिक्षण मात्र सुरू झाले नाही. अडीच वर्षे ते दारात उभे राहिले. गावी टाकून आलेल्या पत्नीने निराशेने जीव देण्याचा प्रयत्न केला, ही वार्ता रामपुरात आली आणि तेव्हा कोठे वजीर खाँना द्रव आला, असे म्हणतात. ह्याच वजीर खाँकडून विद्या मिळविण्यासाठी आपले पं. विष्णु नारायण भातखंडेही रामपुरास खेपा घालीत. असो. रामपुरातील विद्येची बाबांनी काय किंमत मोजली आणि त्यांच्या पत्नीने काय मोजली, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

1918 च्या सुमारास मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह यांनी बाबांना दरबारी पाचारण केले आणि स्वतः त्यांचे शिष्यत्व पत्करले. मैहर हे बघेलखंडातले एक छोटेसे संस्थान. गुरूला तनखा, मान व राहावयास घर मिळाले. एखादा दुसरा कलावंत तेवढ्यावर सुखाने निजला असता. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची महाभयंकर साथ आली. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबरोबर ती मुंबई बंदरात उतरली आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर पसरली. हिंदुस्थानात कोट्यवधी माणसे दगावली. तरणीताठी माणसे अधिक गेल्यामुळे मागे म्हातारे आणि पोरे उरली. मैहरच्या परिसरातही अशी निराधार मुले हिंडू लागली. राजांनी व बाबांनी ती गोळा केली, आणि बाबांनी त्यांच्या हाती वाद्ये दिली.

हाच तो मैहर बँड. अन्नछत्र उघडणारे दाते आपल्या देशात पुष्कळ झाले. ज्यांना आई-बाप नाहीत, अक्षरओळख नाही, ज्यांच्या कुळात कोणी गाणे ऐकलेही नसेल, अशा पोरांस तानसेनाच्या परंपरेतील विद्या द्यावी, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात येणार होता? ज्या विद्येसाठी बाबांना स्वतःला अडीच वर्षे दारात ताटकळावे लागले, ती त्यांनी ह्या मुलांस न मागता दिली. आमच्या मते बाबांच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे कृत्य होय. रविशंकरांसारखा शिष्य तयार करणे हे त्यामानाने सोपे काम होते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

मुलांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे स्वरलिपीचा उपयोग नव्हता. बाबा स्वतः गात आणि मुले ती चाल कंठात व मग बोटांत बसवीत. शेकडो रचना अशा केवळ स्मरणावर उभ्या राहिल्या. कोणत्या मुलाच्या हाती कोणते वाद्य शोभेल हे बाबा पारखीत. सतार, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला असा संमिश्र मेळ जमला. बाबा स्वतः डावखुरे. सरोद ते डाव्या हाताने छेडीत. पण बँडमधील बहुतेक प्रत्येक वाद्य त्यांस वाजविता येई, त्यामुळे चुकणाऱ्या मुलाची सुटका नसे.

ह्या मेळातील नवलाचे वाद्य म्हणजे नलतरंग. संस्थानच्या शस्त्रागारातील जुन्या बंदुकांच्या नळ्या बाबांनी कापून घेतल्या, लांबीच्या क्रमाने मांडल्या आणि काठ्यांनी वाजविण्याची सोय केली. नळी जितकी आखूड, तितका स्वर चढा. मात्र तारेचा हिशेब येथे लागत नाही. तार अर्धी केली तर स्वर एक सप्तक चढतो. अशी आघाताने वाजणारी नळी अर्धी केली तर साधारणपणे दोन सप्तके चढतो. म्हणजे कापताना थोडीशी चूक झाली तरी स्वर बराच हुकणार. जलतरंगात पाणी कमीजास्त करून दुरुस्ती होते, येथे एकदा कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही. हे सारे कानाच्या भरवशावर जुळविले गेले. सरकारी कार्यालयात जुन्या सामानाचे काय करावे ह्यावर आम्ही पुष्कळ टिपणे लिहिली व वाचली आहेत. निकामी बंदुकांचा ह्याहून चांगला विनियोग आमच्या पाहण्यात नाही.

1924-25 च्या सुमारास पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौस भरलेल्या संगीत परिषदेत ही मुले वाजविण्यास गेली. देशभरचे खानदानी उस्ताद व पंडित समोर बसलेले, आणि व्यासपीठावर बघेलखंडातील अनाथ पोरे! मैहर बँडचे नाव तेव्हापासून झाले.

येथे एक अप्रिय गोष्ट टाळून चालणार नाही. बाबांचा राग भयंकर होता. बँडमधील मुलांना मार बसे, पुत्र अली अकबर यांना तर झाडास बांधून ठेवल्याचे सांगतात. पुढे कीर्ती मिळविलेले शिष्य हा मार अभिमानाने सांगत, आणि चरित्रकारही त्याचे कौतुक करतात. आम्हांस ते पटत नाही. जे टिकले त्यांनी तो गौरव मानला. जे पळून गेले त्यांची साक्ष कोणी घेतली नाही. अनाथ मूल तर पळून जाणार तरी कोठे? बाबांच्या थोरवीस ह्याने उणेपणा येतो असे नाही, पण ती मारामुळे आली असेही नाही.

हाच माणूस आपल्या मुलीपाशी कसा हरला पाहा. थोरली कन्या जहाँआरा हिला त्यांनी गाणे शिकविले होते. सासरी ते खपले नाही आणि तिच्या आयुष्याची वाताहत झाली. तेव्हा धाकट्या अन्नपूर्णेस शिकवावयाचे नाही असे त्यांनी ठरविले. एके दिवशी बाबा बाजारास गेले असता ती भावाची चूक गाऊन दुरुस्त करीत होती. मागे परतलेल्या बाबांनी ते ऐकले आणि त्या दिवसापासून तिचे शिक्षण सुरू झाले. ह्याच अन्नपूर्णादेवी पुढे मुंबईस स्थायिक झाल्या. मैफली त्यांनी सोडल्या, विद्यादान सोडले नाही. हरिप्रसाद चौरसिया व नित्यानंद हळदीपूर हे त्यांचे शिष्य. 2018 साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

1935 साली उदयशंकरांच्या नृत्यपथकाबरोबर बाबा युरोपात गेले. ह्या पथकाची संगीताची बाजू पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराळी सांभाळीत असत. त्या दौऱ्यात पंधरा वर्षांच्या रविशंकरांना बाबांचा सहवास लाभला, आणि 1938 साली रविशंकर सारे ऐश्वर्य सोडून मैहरास आले. तिमिर बरन त्यांच्याही आधीचे, पन्नालाल घोष व निखिल बॅनर्जी नंतरचे. आपले व्हायोलिनवादक पं. वि. गो. जोग ह्यांनाही बाबांचे मार्गदर्शन लाभले. ही नामावळी सर्वांस पाठ आहे, म्हणून येथे वाढवीत नाही. पद्मभूषण 1958 साली व पद्मविभूषण 1971 साली मिळाले. पाच वेळा नमाज पढणारे बाबा शारदामातेचेही निस्सीम भक्त होते, आणि त्यांत काही विसंगत आहे असे मैहरात कोणास वाटले नाही. पत्नीच्या नावे त्यांनी ‘मदनमंजरी’ हा राग बांधला. तिच्या हिशेबातील तेवढी एक जमा नोंद आम्हांस सापडते.

स्वातंत्र्यानंतर मैहर संस्थान विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि 1956 साली मध्य प्रदेशात आले. राजाश्रय संपला, बँड मात्र संपला नाही. तो शासनाकडे आला, तेथील संगीत महाविद्यालयाशी जोडला गेला आणि वादक सरकारी नोकर झाले. येथे आमच्यातील अधिकारी जागा होतो. सरकारात जागा मंजूर होते, पगार ठरतो, सेवानिवृत्तीचा दिनांक ठरतो. पण स्मरणात साठविलेल्या शेकडो चालींचा कार्यभार कोणत्या प्रपत्रावर सोपवावयाचा? नलतरंग वाजविणारा निवृत्त झाला तर बदली करून कोणास आणावे? गुरूसमोर बसून शिकल्यावाचून ती जागा भरत नाही, आणि शिकण्यास वर्षे लागतात.

6 सप्टेंबर 1972 रोजी बाबा मैहरातच वारले. अली अकबर 2009 साली गेले, रविशंकर 2012 साली. मैहर 2023 पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. बँडमधील पहिल्या मुलांपैकी आता कोणी उरलेले असणे शक्य नाही. त्यांची नावे ग्रंथांतून क्वचितच आढळतात आणि त्यांच्या एकल वादनाच्या तबकड्याही बाजारात आल्या नाहीत. मैहरचे वाद्यवृंद आजही बाबांच्या त्याच चाली वाजवितात. पुढील खेपेस दर्शन आटोपल्यावर परतीच्या गाडीस अवकाश असेल, तर वाचकांनी संगीत महाविद्यालयाची चौकशी करावी. तालमीची वेळ साधली तर बंदुकीच्या नळ्यांतून निघालेला षड्ज ऐकावयास मिळेल.