ज्युदोचे गुरुजी जिगोरो कानो

या महिन्यात बाईंनी आम्हाला एका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. पुष्कळ जणांनी गाडगेबाबा घेतले. मी जपानचे जिगोरो कानो घेतले आहेत. ज्युदो हा खेळ त्यांनी सुरू केला.

कानो यांचा जन्म १८६० साली कोबे शहराजवळच्या मिकागे गावात झाला. घराण्याचा धंदा तांदळाची दारू करण्याचा होता. पण वडील त्या धंद्यात पडले नाहीत, ते सरकारी जहाजांचे काम बघत. जिगोरो नऊ-दहा वर्षांचे असताना आई वारली. म्हणजे ते तेव्हा माझ्याएवढेच होते. मग वडील त्यांना टोकियोला घेऊन गेले.

शाळेत ते अभ्यासात हुशार, इंग्रजी तर फार चांगले. पण अंगाने अगदी बारके. मोठेपणीही त्यांची उंची पाच फूट दोन इंचच होती. शाळेतली दांडगी पोरं त्यांना धरून मारायची. हे वाचून मला फार वाईट वाटलं. मीही वर्गात सगळ्यात बारकी आहे. नळावर पाणी प्यायला गेलं की मोठे पोट्टे ढकलून पुढे घुसतात, आणि कुस्ती पोरींची नाही म्हणून हसतात.

जपानात जुजुत्सू नावाची जुनी विद्या होती. लहान माणूसही तिच्या जोरावर मोठ्याला पाडू शकतो, असे कानोंनी ऐकले होते. पण तेव्हा ती विद्या मागे पडली होती आणि वडिलांनाही पसंत नव्हती. शिकवणारा कोणी सापडेना. जुजुत्सूचे जुने वस्ताद पोटासाठी हाडं बसवायचं काम करतात असे त्यांना कळले. म्हणून ते हाडवैद्यांच्या दारोदार विचारत फिरले. (आपल्याकडेही हात लचकला की लोक तालमीतल्या वस्तादाकडेच जातात ना!) शेवटी १८७७ साली फुकुदा हाचिनोसुके हे गुरू भेटले. हे गुरू समजावून सांगत नसत. डाव कसा करायचा असे विचारले की उचलून आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. कानोंचे अंग सारखे दुखायचे. ते इतके मलम लावत की जवळ गेलं तरी त्याचा वास यायचा.

तिथे फुकुशिमा नावाचा एक जाडजूड गडी होता. तो काही केल्या पडत नव्हता. कानो ग्रंथालयात गेले आणि परदेशी कुस्तीचे पुस्तक काढून बसले. त्यातला एक डाव त्यांनी घोटून घोटून बसवला. माणसाला खांद्यावर आडवा उचलायचा आणि फेकायचा. फुकुशिमा पडला! आमचे आजोबा पूर्वी कुस्ती खेळत. ते म्हणतात की हा आपल्या कलाजंगासारखाच डाव आहे.

१८७९ साली फुकुदा गुरुजी वारले. घरच्यांनी त्यांच्या विद्येच्या पोथ्या कानोंना दिल्या. पुढे ते आणखी दोन गुरूंकडे शिकले.

१८८२ साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या मंदिरात कानोंनी स्वतःची तालीम काढली. नाव ठेवले कोदोकान. तेव्हा ते फक्त एकवीस वर्षांचे होते. जागा किती? बारा चटयांची. बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब एवढीच खोली समजा. पहिल्या वर्षी फक्त नऊ शिष्य आले. धडाधड पडण्याने मंदिराच्या लाकडी जमिनीच्या फळ्या मोडायच्या. मग कानो रात्री दिवा घेऊन फळ्यांखाली शिरत आणि स्वतः दुरुस्त करत. दिवसा ते शाळेत शिकवत. तालमीच्या खर्चासाठी रात्री पुस्तकांचे भाषांतरही करत.

जुन्या विद्येतले हातपाय मोडणारे डाव त्यांनी सरावातून काढून टाकले. पोरांना आधी नीट पडायला शिकवले. समोरचा ढकलतो तेव्हा आपण उलटे ढकलायचे नाही, त्यालाच ओढायचे. त्याचा तोल गेला की डाव लागतो. मी हे दादावर करून पाहिलं. तो गोधडीवर पडला आणि आईचे बोलणे दोघांनीही खाल्ले.

१८८६ च्या सुमारास टोकियोच्या पोलिसांकडे सामने झाले. त्यात कोदोकानच्या मुलांनी जुन्या तालमींना हरवले. मग शिष्य वाढतच गेले. कानो शिक्षकांच्या मोठ्या विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. १९०९ साली ते ऑलिंपिक समितीवर गेले, आशियातले पहिलेच. १९२९ साली त्यांचे एक शिष्य ताकागाकी आपल्या देशात शांतिनिकेतनला शिकवायला आले होते.

१८९३ पासून कानोंनी बायकांनाही शिकवायला घेतले. ही गोष्ट मी पोट्ट्यांना मुद्दाम सांगितली. फुकुदा गुरुजींची नात केको हिलाही त्यांनी स्वतः बोलावून घेतले. बाई म्हणून तिला पुढची पदवी बरीच वर्षे मिळाली नाही, तरी तिने सोडले नाही. २०१३ साली ती ९९ वर्षांची होऊन वारली.

आता आपल्याकडचं सांगते. आपल्या परतवाड्याहून पन्नास किलोमीटरवर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तेही १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा म्हणूनच सुरू केले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. त्याच वर्षी ऑलिंपिकच्या सभेसाठी कानोही बर्लिनला होते! त्या सभेत १९४० चे ऑलिंपिक टोकियोला द्यायचे ठरले.

पण कानोंनी ते पाहिले नाही. १९३८ साली इजिप्तमधल्या कैरोच्या सभेहून परत येताना बोटीवरच त्यांना न्यूमोनिया झाला. ४ मे रोजी ते वारले. घर दोन दिवसांवर राहिले होते. पुढे युद्धामुळे १९४० चे ऑलिंपिक झालेच नाही.

टोकियोला ऑलिंपिक झाले ते १९६४ साली. त्यात ज्युदो पहिल्यांदा आला. चार सुवर्णपदकांपैकी तीन जपानने घेतली. चौथे मात्र साडेसहा फूट उंचीच्या हॉलंडच्या आंतोन गेसिंकने जिंकले. सारे जपानी लोक गप्प झाले. गेसिंकचे दोस्त आनंदाने चटईवर धावत येऊ लागले, तर त्याने हात वर करून त्यांना थांबवले आणि हरलेल्या गड्याला वाकून नमस्कार केला.

इयत्ता ४ थी