रॉबर्ट बॉईल

रॉबर्ट बॉईल यांचा जन्म १६२७ साली आयर्लंडमधील लिसमोर येथे झाला. वडील मोठे श्रीमंत उमराव होते. पण बॉईल यांचे मन प्रयोगांतच रमले. त्या काळी आम्ल बहुधा आंबट चवीवरून ओळखीत. पण तीव्र आम्ल जिभेला लावणार कोण? बॉईल यांनी व्हायोलेट फुलांचा निळा पाक घेतला. आम्लाचा थेंब पडताच तो तांबडा झाला. आम्लारीने हिरवा झाला. काही पदार्थांनी रंग पालटलाच नाही. ते ना आम्ल, ना आम्लारी! हे प्रयोग त्यांनी १६६४ साली पुस्तकात छापले. तुम्ही वर्गात लिटमसने करता, ती परीक्षा याच जातीची. नवल असे, की रंग पारखणाऱ्या बॉईल यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली होती. लेखन ते दुसऱ्यांकडून करवून घेत. १६९१ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.